मनोऱ्यांच्या पाईपातली हवा कोण मोजणार?

उंच इमारतींच्या सोसायट्यांत एक तक्रार ठरलेली असते. सकाळच्या घाईच्या वेळी न्हाणीघराच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो, कमोडमधलं पाणी कुणी हात न लावता खाली-वर होतं आणि मग दिवसभर घरात गटाराचा वास रेंगाळतो. प्लंबर येतो, जाळी उचकटतो, ॲसिड ओततो, पैसे घेऊन जातो. आठवड्याभराने वास पुन्हा हजर. दुरुस्ती चालते आठव्या मजल्यावर आणि दोष असतो बाविसाव्या मजल्यावर, नाहीतर थेट गच्चीवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, अशी सगळी तऱ्हा.

ठाण्याच्या बाळकुममध्ये हा विषय आता चव्हाट्यावर यायला हवा. खाडीकाठचं हे आगरी-कोळ्यांचं गाव. पुढे बाळकुम-कोलशेत पट्ट्यात औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आले, आणि कारखाने गेल्यावर त्यांच्या जमिनींवर तीस-चाळीस मजल्यांचे मनोरे उभे राहिले. कापूरबावडीहून भिवंडीकडे निघणाऱ्या मेट्रो पाचच्या मार्गावर बाळकुम नाका हे स्थानक आहे, तेव्हा मनोऱ्यांची ही रांग इथे थांबणारी नाही. या उंचीची बातमी होते ती अपघात घडला की. १० सप्टेंबर २०२३ रोजी इथल्या एका चाळीस मजली इमारतीच्या कामावरची लिफ्ट कोसळून सात कामगार दगावले, तेव्हा लिफ्टच्या सुरक्षेवर राज्यभर चर्चा झाली. त्याच उंचीवरून डक्टमधून खाली उतरणाऱ्या सांडपाण्याच्या पाईपाबद्दल कुणी काही विचारत नाही. फ्लॅट बघायला आलेलं कुटुंब फरशी पाहतं, खिडकीतून खाडी दिसते का पाहतं, नळ सोडून पाण्याचा जोर पाहतं. वापरलेलं पाणी कुठून कसं जातं, हे पाहायची पद्धतच नाही.

त्या पाईपातून पाण्याबरोबर हवाही वाहते आणि तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा त्या हवेत असतं. म्हणून उंच इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी तिच्या सांडपाण्याच्या पाईपांतला हवेचा दाब तपासला गेला पाहिजे. ही मागणी अवघड नाही आणि महागही नाही. ती होत नाही, कारण पाईपात नेमकं काय चालतं याबद्दल मालक, बिल्डर आणि कित्येकदा कंत्राटदार यांची समजूतच उलटी असते.

ही समजूत अशी: इतक्या उंचावरून सोडलेलं पाणी खाली पोहोचेपर्यंत भयानक वेग घेत असणार. चाळीस मजले म्हणजे साधारण १२० मीटर. तेवढ्या उंचीवरून मोकळी पडलेली वस्तू जमिनीजवळ ताशी पावणेदोनशे किलोमीटरचा वेग गाठेल, हे गणित बरोबर आहे. याच धास्तीने ‘वेग तोडायला’ उभ्या पाईपात मध्येच बाक द्यावा, असा आग्रह धरणारे लोक भेटतात. पाईपातलं पाणी मात्र मोकळं पडत नाही. ते पाईपाच्या आतल्या भिंतीला धरून, चहूबाजूंनी थर करून उतरतं. १०० मिलिमीटर व्यासाच्या पाईपात भरपूर पाणी आलं तरी हा थर सात-आठ मिलिमीटर जाडीचा असतो आणि मधला सुमारे ८४ मिलिमीटरचा गाभा हवेचा राहतो. भिंतीचं घर्षण थराला मागे खेचतं, गुरुत्वाकर्षण खाली ओढतं. साधारण मजलाभर अंतरात दोन्हींचा हिशेब जुळतो आणि पुढे वेग वाढायचा थांबतो. तो राहतो सेकंदाला चार मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी पंधराएक किलोमीटर. चाळिसाव्या मजल्यावरून निघालेलं पाणी आणि चौथ्या मजल्यावरून निघालेलं पाणी तळाशी जवळपास सारख्याच वेगाने येतं.

हे गणित जुनं आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या रॉबर्ट वायली आणि हर्बर्ट ईटन यांनी १९६१ साली ते सविस्तर प्रसिद्ध केलं. उभा पाईप चौथा हिस्सा किंवा फार तर तिसरा हिस्सा इतकाच पाण्याने भरावा, बाकी जागा हवेसाठी सोडावी, या नियमामागे असल्याच प्रयोगांचा आधार आहे.

खरी गोम घर्षणाच्या दुसऱ्या टोकाला आहे. पाण्याचा थर बाहेरच्या बाजूने भिंतीला घासतो, तसा आतल्या बाजूने हवेला घासतो. वेगाने गेलेल्या एसटीमागे पाचोळा धावतो, तशी गाभ्यातली हवा पाण्यामागे खाली ओढली जाते. वरच्या उदाहरणातल्या पाईपातून सेकंदाला नऊ लिटर पाणी उतरत असेल आणि हवा पाण्याच्याच वेगाने चालली, तर त्याच सेकंदात वीस लिटरहून अधिक हवा खाली जाते. ही हवा कुठून तरी यायला हवी. ती यावी म्हणूनच उभा पाईप गच्चीच्या वर उघडा ठेवतात आणि त्यावर काऊल, म्हणजे जाळीची टोपी, बसवतात. शेजारून वेगळा व्हेंट पाईप नेतात तोही याचसाठी. कित्येकांना व्हेंट म्हणजे वास बाहेर सोडणारं धुराडं वाटतं. त्याचं पहिलं काम मात्र पाईपात हवा आत घेण्याचं आहे.

हवा पुरेशी आली नाही की पाईपात ओढ निर्माण होते, आणि ती ओढ जवळ मिळेल तिथून हवा खेचते. जवळ असतो न्हाणीघरातला नहाणी ट्रॅप. या ट्रॅपमध्ये पाण्याचा ५० मिलिमीटर खोलीचा अडसर असतो. गटारातली हवा आणि घरातली हवा यांच्यामध्ये तेवढीच एक भिंत. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो, म्हणजे त्या दाबाच्या केवळ दोनशेव्या हिश्श्याइतका फरक पडला तरी हा अडसर ओढला जाऊ शकतो. म्हणून तंत्रज्ञ पाईपातला दाब वर किंवा खाली ३७-३८ मिलिमीटर पाण्यापेक्षा अधिक जाऊ देत नाहीत. सकाळी वरच्या चार-पाच घरांत एकाच वेळी फ्लश ओढले गेले की हा आकडा ओलांडणं अवघड नसतं. गुडगुड आवाज म्हणजे ट्रॅपमधून हवा ओढली जात असल्याची जाहीर घोषणाच.

तळाशी प्रकार उलटा. उभं आलेलं पाणी आडव्या पाईपात वळताना मंदावतं आणि वळणावर पाण्याचा पडदा तयार होतो. मागून ओढून आणलेल्या हवेला पुढे जायला वाट उरत नाही, दाब वाढतो आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या जाळीतून बुडबुडे, कधी घाण पाणी वर येतं. वॉशिंग मशीनच्या साबणाचा फेस याच जागी साठतो आणि खालच्या घरांच्या मोरीत पांढरा ढीग उभा राहतो. वरच्या मजल्यांवरच्यांना याचा पत्ताही नसतो. सर्वांत खालच्या घरांचं सांडपाणी मुख्य उभ्या पाईपाला न जोडता वेगळ्या पाईपाने थेट चेंबरमध्ये नेण्याची पद्धत यासाठीच आहे. पैसे वाचवायला ती डावलली, तर भोगतात खालचे. त्यातून बाळकुम पडलं खाडीकाठी. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले आणि चेंबर तुंबले, तर हवेचा तळाचा रस्ता पूर्णच बंद होतो.

मग उंचीने बिघडतं ते नक्की काय? पाण्याचा वेग वाढत नाही, हे वर आलंच. वाढते ती हवेची वाट. तळमजल्याजवळच्या ओढीला लागणारी हवा गच्चीवरून निघते. तिला चाळीस मजल्यांच्या पाईपाचं घर्षण सोसत उतरावं लागतं, आणि वाटेत जिथे जिथे एखाद्या घराचं पाणी आडवं येऊन मिळतं, तिथे तिथे त्या पाण्याच्या पडद्यातून पार व्हावं लागतं. प्रत्येक अडथळ्याला थोडा दाब खर्ची पडतो. सात मजल्यांना पुरलेला व्हेंट चाळीस मजल्यांना पुरेलच असं नाही. आणि ‘वेग तोडायला’ घातलेला बाक तर तळाशी होणारा तोच दाबाचा प्रकार मधल्या मजल्यांवर ओढवून आणतो.

नियमांच्या पुस्तकांतही इथेच उणीव आहे. पाईपांच्या आकाराचे जगभरचे तक्ते विसाव्या शतकाच्या मध्यावर, आजच्या मानाने बुटक्या इमारती डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या प्रयोगांवर उभे आहेत. एडिनबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठात जॉन स्वाफिल्ड आणि त्यांच्यानंतर मायकेल गॉर्मली यांनी या पाईपांतल्या हवेचा अभ्यास वर्षानुवर्षं केला. गॉर्मली यांच्या गटाने इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या १२७ मीटर उंच लिफ्ट-चाचणी मनोऱ्यात प्रत्यक्ष पाईप उभारून पाणी सोडून पाहिलं. जुने तक्ते उंच इमारतींना अपुरे पडतात, असा त्यांचा निष्कर्ष. पर्यायही नवे नाहीत. स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ सोमर यांनी १९५९ मध्येच प्रत्येक मजल्यावर पाणी आणि हवा यांना नीट मिसळवणारा खास जोड शोधला होता. तो भारतातल्या उंच इमारतींतही वापरला जातो. म्हणजे शास्त्र आहे, सामानही आहे. आपल्याकडे कमी आहे ती पडताळणी.

उभ्या पाईपातून वायू आणि द्रव एकत्र वाहण्याचा हाच प्रश्न दुसऱ्या ठिकाणी आला की तो किती गांभीर्याने घेतला जातो, हे पाहण्यासाठी लांब जायला नको. तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ साली सुरू झालं, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या. इंधनाच्या उभ्या कांड्यांमधून पाणी वर चढता चढता उकळतं आणि पाणी व वाफ एकत्र वाहतात. तिथे वाफेचं प्रमाण आणि घर्षणाने होणारी दाबाची घट यांचा हिशेब केल्याशिवाय भट्टी चालवताच येत नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात, ‘सागर सम्राट’ने १९७४ मध्ये शोधलेल्या मुंबई हाय क्षेत्राची गोष्टही तीच. विहिरीच्या उभ्या नळीतून तेल आणि वायू एकत्र वर येतात. भूगर्भातला दाब कमी पडला तर नळीत वरून वायू सोडून तेलाचा स्तंभ हलका करतात. वायू कमी सोडला तर तेल चढत नाही, फार सोडला तर वाढलेलं घर्षणच ते अडवतं. अशा प्रवाहांचं गणित बसवण्यासाठी ॲल्टन हॅगेडॉर्न आणि कर्मिट ब्राऊन यांनी १५०० फूट खोल प्रायोगिक विहिरीत मोजमापं घेतली आणि १९६५ मध्ये ती प्रसिद्ध केली. तेल आणि वीज यांचा पैसा मोठा, म्हणून तिथे मोजमाप. मनोऱ्यात शेकडो कुटुंबं त्याच भौतिकशास्त्राच्या भरवशावर झोपतात आणि तिथे तो भार बहुधा सर्वांत कमी दराची निविदा भरणाऱ्यावर टाकलेला असतो.

‘वासच तर आहे, खिडकी उघडा,’ असं म्हणणाऱ्यांनी हाँगकाँगच्या आमॉय गार्डन्सची हकिगत वाचावी. मार्च २००३ मध्ये सार्सची साथ चालू असताना ३३ मजली इमारतींच्या या वसाहतीत १५ एप्रिलपर्यंत ३२१ जणांना लागण झाली. त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्ण एकाच ‘ई’ इमारतीतले. जुलाब होणारा एक रुग्ण तिथे येऊन गेला होता. चौकशीत दिसलं की अनेक न्हाणीघरांतले जमिनीवरचे ट्रॅप कोरडे पडले होते आणि न्हाणीघरातला पंखा सुरू केला की पाईपातली हवा विषाणूंसह घरात ओढली जात होती. पुढे २०२०च्या आरंभी चीनमधल्या ग्वांगझू शहरात एकाच इमारतीच्या १५व्या, २५व्या आणि २७व्या मजल्यांवरच्या तीन कुटुंबांतल्या नऊ जणांना कोविड झाला. वूहानहून परतलं होतं ते फक्त १५व्या मजल्यावरचं कुटुंब. तिन्ही घरं एकावर एक आणि एकाच सांडपाण्याच्या पाईपाला जोडलेली. संशोधकांनी पाईपात खुणेचा वायू सोडला, तेव्हा तो वरच्या घरांच्या न्हाणीघरांत सापडला. पुरावा परिस्थितीजन्य आहे, हे त्यांनी स्वतःच नमूद केलं. तरी हवेची वाट मोकळी होती, एवढं त्या वायूने दाखवून दिलं.

त्याच वर्षी जूनमध्ये बाळकुमला ठाणे महापालिकेने हजारावर खाटांचं कोविड रुग्णालय उभारलं. साथ उंबरठ्यावर आली की काय करावं लागतं, हे या गावाने जवळून पाहिलं आहे. गटारातल्या वायूचं दुसरं रूपही शेजारच्याच ढोकाळीत दिसलं. मे २०१९ मध्ये तिथल्या एका गृहसंकुलात सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीत सफाईसाठी उतरलेल्या तीन कामगारांचा जीव गेला. घरात येणाऱ्या वासात या वायूंचं प्रमाण अगदी किरकोळ असतं, त्यामुळे फ्लॅटमधल्या वासाची त्या मृत्यूंशी बरोबरी करणं हा कांगावा ठरेल. पण सांडपाण्यात बंदिस्त हवा काय करू शकते, हे त्या परिसराला कुणी वेगळं सांगायला नको.

बाळकुमसारख्या भागात आणखी एक अडचण आहे. गुंतवणूक म्हणून घेतलेले कितीतरी फ्लॅट कुलूपबंद पडून असतात. त्यांच्या नहाणी ट्रॅपमध्ये महिनोन्‌महिने पाणी पडत नाही आणि ठाण्याच्या उन्हाळ्यात तो ५० मिलिमीटरचा अडसर आटून जातो. मग पाईपातली हवा बंद फ्लॅटमध्ये, तिथून दाराच्या फटीतून जिन्यात आणि डक्टच्या खिडकीतून शेजाऱ्यांकडे. चूक कुणाची, हे शोधता शोधता सोसायटीचे दोन सचिव बदलतात. रहिवाशांचे स्वतःचे पराक्रमही कमी नाहीत. न्हाणीघराचं नूतनीकरण करताना जुना खोल ट्रॅप काढून उथळ, दिसायला छान जाळी बसवायची. गच्चीवर पत्र्याची शेड घालताना काऊल आडवा येतो म्हणून तो कापायचा. गच्चीवर वास येतो म्हणून त्याला बूच मारायचं. गच्चीवरचा वास जातो आणि खालच्या घरांत येतो.

बिल्डरांचा आक्षेप ठरलेला असतो: आणखी एक परवानगी, आणखी एक खर्च, शेवटी घर महाग. ना-हरकत दाखल्यांच्या चळतीकडे पाहता हा आक्षेप पूर्ण खोटा म्हणता येणार नाही. पण इथे नव्या दाखल्याची गरज नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या नवव्या भागात सांडपाणी आणि व्हेंट यांच्या तरतुदी सविस्तर आहेत. गरज आहे ती एका प्रत्यक्ष चाचणीची. पाईप गळतो का, हे पाहणं वेगळं आणि पाणी वाहत असताना ट्रॅप टिकतो का, हे पाहणं वेगळं. ब्रिटिश मानकात ही दुसरी चाचणी लिहून ठेवली आहे: ट्रॅप पूर्ण भरायचे, ठरवलेले फ्लश आणि नळ एकदम सोडायचे, मग ट्रॅपमध्ये किमान २५ मिलिमीटर पाणी उरलं आहे का ते मोजायचं. तीच कृती तीनदा करायची. त्यासाठी लागतात काही माणसं, एक मोजपट्टी आणि अर्धा दिवस. ठाणे महापालिकेने उंच इमारतींच्या भोगवटा प्रमाणपत्राआधी, आपल्या अभियंत्यासमोर, ही चाचणी सक्तीची करावी आणि तिचे आकडे सोसायटीच्या ताब्यात देण्याच्या कागदपत्रांत असावेत.

राहत्या इमारतींचं काय? ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर रेरा कायद्याचं कलम १४(३) हाताशी आहे. बांधकामातला दोष किंवा सेवासुविधांतली उणीव दाखवून दिल्यावर विकासकाने ती तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायची असते. भिंतीतली भेग आणि गळकं छत यांसाठी लोक या कलमाचा आधार घेतात. अपुरा व्हेंट हीसुद्धा सेवेतली उणीवच आहे. मात्र ‘वास येतो’ एवढ्या तक्रारीने भागत नाही. कुठल्या मजल्यावर, किती फ्लश एकदम ओढल्यावर, ट्रॅपमधलं किती पाणी गेलं, हे लिहून द्यावं लागेल. पाच वर्षं उलटली असतील, तर खर्च सोसायटीचा. आदर्श उपविधींनी ड्रेनेज लाईनची दुरुस्ती सोसायटीच्याच खात्यात टाकली आहे, तेव्हा आठव्या मजल्यावरच्या एकट्या सभासदाने वर्षानुवर्षं ॲसिडचे पैसे भरत बसण्याचं कारण नाही.

सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायच्या असतात. बाळकुमच्या मनोऱ्यांनी यंदाच्या विषयपत्रिकेत तीन ठराव घालावेत. गच्चीवरचे सगळे काऊल मोजून उघडे करणं आणि त्यांना हात लावायला समितीची लेखी परवानगी बंधनकारक करणं. बंद फ्लॅटच्या मालकांनी दर महिन्याला ट्रॅपमध्ये पाणी ओतण्याची व्यवस्था करणं आणि ती न केल्यास सोसायटीने त्यांच्या खर्चाने करून घेणं. आणि सभेनंतरच्या एखाद्या रविवारी सकाळी वरच्या पाच मजल्यांनी ठरल्या वेळी एकदम फ्लश ओढणं, तर बाकीच्या मजल्यांनी मोजपट्टी घेऊन आपापला नहाणी ट्रॅप मोजून आकडा कार्यालयात नोंदवणं. ज्या मजल्यांचा आकडा २५ च्या खाली आला, त्यांची यादी तशीच्या तशी विकासकाला आणि महापालिकेच्या माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीला पाठवावी.